पावसाकडची बाजू

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या जुन्या घराच्या चारही बाजू सारख्या बांधलेल्या नसतात. पश्चिम आणि नैर्ऋत्य ही पावसाकडची बाजू. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत समुद्रावरून येणारा वारा पाऊस आडवा करून याच बाजूवर फेकतो. किनाऱ्यावर मालवण-वेंगुर्ल्याला वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, ओरोस-कणकवलीच्या मधल्या पट्ट्यात त्याहून अधिक, आणि घाटमाथ्यावर आंबोलीला 7000 मिलिमीटरच्या आसपास. छपराला उतार असतो, त्यावरचे पाणी वाहून जाते. भिंतीला उतार नसतो, त्यामुळे तिच्यावर आपटलेली झड आत शिरते. या भागातल्या घरबांधणीचा इतिहास बराचसा यातच सामावला आहे: पावसाकडची बाजू कशाने झाकली, आणि ते झाकण दरवर्षी कोणी आणि कसे नीट केले.

नॉर्वेसारख्या देशात अख्ख्या घराला बाहेरून फळ्या ठोकलेल्या असतात. थंड हवा आणि वाळवीचा अभाव यांमुळे तिथे ते साधते. कोकणात लाकडाचे असे सर्वांगी आवरण रुजले नाही. इथे लाकूड, बांबू आणि माडाची पाने घराच्या ठरावीक भागांवरच येत: पडवीच्या मोकळ्या बाजूवर, आढ्याखालच्या त्रिकोणावर, गोठ्याच्या आणि मांगराच्या (शेतावरच्या खोपटाच्या) भिंतींवर, बाजारातल्या दुकानांच्या दर्शनी बाजूवर. जिथे लाकूड होते तिथे ते कुजणार हे धरूनच ते बसवलेले असे. सुताराने भाग असे जोडायचे की कुजलेला तेवढा सुटा निघावा, आणि घरधन्याने तो वेळेवर काढायचा, असा हा व्यवहार होता.

सर्वांत जुना आणि सर्वांत साधा प्रकार कुडाच्या भिंतीचा. निर्गुडीच्या, कारवीच्या किंवा बांबूच्या काठ्या उभ्या रोवायच्या, आडव्या कामट्यांनी त्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी माती, शेण आणि भाताचा भुसा यांचा गिलावा चढवायचा. चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, घर हे अनेक पिढ्या सधन माणसाचे घर होते. बाकीच्यांची घरे, आणि सगळ्यांचेच गोठे व मांगर, कुडाचे. कुडाची भिंत हलकी, स्वस्त आणि उन्हाळ्यात थंड, पण दोन-तीन तास सलग झड बसली की गिलावा सुटतो आणि काठ्या उघड्या पडतात. म्हणून तिच्यावर पावसाळ्यापुरते दुसरे आवरण घालावे लागे. ते आवरण माडाने पुरवले.

माडाच्या झावळीला मालवणी मुलखात चुडत म्हणतात. पडलेली किंवा उतरवलेली चुडते खाडीच्या, तळीच्या नाहीतर व्हाळाच्या पाण्यात काही दिवस बुडवून ठेवत. त्याने पाती मऊ होतात, विणताना फाटत नाहीत, आणि किडीला आवडणारी साखर पाण्यात निघून जाते. मग चुडत मधल्या कण्यावर उभे चिरून पाती एकाआड एक गुंफायची. हे झाप. ते वळण्याचे काम बहुतेक घरांतून बायका करत, आणि वैशाखात दुपारची उन्हे कलली की खळ्याच्या सावलीत झापांचे ढीग चढत. पुरुष बांबूचा सांगाडा बांधत आणि काथ्याच्या सुंभाने झाप त्यावर खालून वर बांधत जात. वरच्या ओळीने खालच्या ओळीला झाकले की पाणी पातीवरून पातीवर घरंगळत जमिनीवर येते, भिंतीला शिवत नाही. झाप बांधताना भिंत आणि झाप यांच्यात वीतभर तरी अंतर ठेवत. त्या पोकळीतून वारा फिरतो आणि आत पोहोचलेली ओल सुकते. आज वास्तुशास्त्राचे विद्यार्थी ‘हवेशीर बाह्यावरण’ म्हणून जे शिकतात, त्याचे तत्त्व या बांधणीत पूर्ण उतरलेले होते.

झापाचे आयुष्य एका पावसाळ्याचे, फार तर दीड. नवरात्र-दिवाळीच्या सुमारास ते उतरवत. बरे राहिलेले झाप खळ्यात घातलेल्या माटवाला (मांडवाला) जात, कुजलेले चुलीत किंवा शेताच्या भाजावळीला. पुढच्या वैशाखात नवे झाप. या चक्रात काहीही वाया जात नसे आणि कोणालाही पैसे मोजावे लागत नसत, फक्त मेहनत आणि वेळ लागे. या व्यवस्थेचे मोल पुढे कळले, जेव्हा मेहनतीला आणि वेळेला दुसरीकडे भाव आला.

लाकूड मात्र कधीच फुकट नव्हते. 17व्या शतकात या किनाऱ्यावर लाकडाला मोठे गिऱ्हाईक उभे राहिले ते आरमार. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर 1664 साली सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली आणि त्याच काळात मराठ्यांच्या जहाजबांधणीला वेग आला. गलबताला लागणारा साग आणि घराच्या तुळईला लागणारा साग एकाच जंगलातून येत होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे 1716च्या सुमाराच्या राजनीतीच्या ग्रंथात, आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याबद्दल स्पष्ट सूचना आहेत. जंगलातला साग परवानगीने तोडावा. आंबा आणि फणस ही झाडेही उपयोगी आहेत, पण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नये. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, त्याला मोबदला देऊन ते न्यावे. हा उतारा सहसा रयतेच्या कल्याणाचा दाखला म्हणून सांगितला जातो. घरबांधणीच्या इतिहासासाठी त्याचे आणखी एक महत्त्व आहे: परड्यातला, म्हणजे घरामागच्या आवारातला, फणस ही कोकणी कुटुंबाची लाकडाची ठेव होती, आणि ती पिढ्यांच्या हिशोबाने वाढवली जात होती, हे त्यातून दिसते.

फणसाचा पिवळा गाभा वाळवीला सहजासहजी दाद देत नाही. म्हणून दारे, चौकटी, देव्हारे आणि पडवीचे खांब फणसाचे. ज्याला परवडे तो साग वापरी. ऐन आणि किंजळ वजनाला जड, ताकदीला उत्तम, म्हणून तुळया आणि वासे त्यांचे. शिवणीचे लाकूड हलके आणि न वाकणारे, ते दाराच्या फळ्यांना. भेरल्या माडाच्या खोडाचा बाहेरचा काळा भाग लोखंडासारखा टणक, त्याच्या फाळी रिपांना आणि वाशांना. आंब्याचे लाकूड मुबलक आणि स्वस्त, पण ते आतल्या फळ्यांपुरतेच. बाहेर लावलेली आंब्याची फळी एका पावसात काळी पडते आणि तीन-चार पावसांत हाताने कुसकरता येते. कोणत्याही झाडाचा सालीलगतचा पांढरा भाग आधी किडतो. जाणता सुतार तो तासून टाकी, आणि कंजूष घरधनी तो ठेवायला लावी. अशा घरांच्या वाशांवर किडीची नक्षी कडेकडेने उमटलेली आजही दिसते.

लाकूड केव्हा तोडायचे याचेही नियम होते. पाऊस ओसरल्यावर, थंडीत, आणि शक्यतो वद्य पक्षात. बांबूबाबत तर हा नियम अजून अनेक गावांत पाळला जातो. चंद्राचा परिणाम किती हा वादाचा मुद्दा आहे, पण ऋतूचा परिणाम निश्चित आहे. झाडातल्या पिठूळ साठ्याचे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलते, आणि लाकूड पोखरणारे भुंगे त्याच साठ्यावर जगतात. तोडलेला ओंडका काही महिने तळीत किंवा खाडीच्या चिखलात पुरून ठेवण्याची पद्धत याच कारणाची. पाण्यात राहिल्याने त्याच्यातला रस निघून जातो आणि नंतर सावलीत सुकताना तो कमी तडकतो. करवतकाम दोघांचे असे. ओंडका माचावर चढवायचा, एक जण वर, एक खाली, आणि मध्ये लांब करवत. अशा कापलेल्या फळ्या घरात येऊन पुन्हा वर्षभर पोटमाळ्यावर पडून राहत, तेव्हा कुठे वाकस आणि रंधा त्यांना लागे. गावातला सुतार, म्हणजे सगळ्यांचा मेस्त्री, घर बांधायला निघालेल्या माणसाला आधी लाकूड किती वर्षांपूर्वी तोडले ते विचारी.

एवढी सावधगिरी का, याचे उत्तर हवेत आहे. लाकूड कुजवणारी बुरशी वाढायला त्यात वजनाच्या 20 टक्क्यांहून बराच अधिक ओलावा लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणातल्या घरातल्या लाकडात साधारण 12 टक्के ओलावा असतो. जुलैत, थेंबभर पाणी न लागताही, नुसत्या दमट हवेने तो 18 ते 20 टक्क्यांपर्यंत चढतो. म्हणजे छपराखालचे कोरडे लाकूडसुद्धा पावसाळ्यात धोक्याच्या रेषेवरच उभे असते आणि एखादे फुटके कौल किंवा एखादी सांधीतली ओल त्याला पलीकडे ढकलायला पुरते. ओलाव्याच्या याच चढ-उतारात एक वीत रुंदीची सागाची फळी दोन-तीन मिलिमीटर फुगते आणि पुन्हा आकसते. दोन्ही कडांना खिळे मारून जखडलेली फळी म्हणून मधोमध फाटते. जुने कारागीर फळीच्या एका कडेला खाच आणि दुसरीच्या कडेला जीभ काढून त्या एकमेकींत बसवत आणि हलायला जागा ठेवत. लोखंडी खिळा ते शक्यतो टाळत. खाऱ्या हवेत तो गंजून फुगतो आणि भोवतालचे लाकूड फोडतो, शिवाय सालीच्या-गाभ्याच्या तुरटपणाशी त्याची क्रिया होऊन काळा डाग धरतो. त्याऐवजी बांबूची किंवा कठीण लाकडाची खुंटी. किनाऱ्यावरच्या होड्या सुंभाने शिवणाऱ्या मुलखात लाकडाला लोखंडाविना जोडण्याची विद्या मुरलेली होती.

19व्या शतकाच्या उत्तरार्धात छपर बदलले आणि त्याबरोबर भिंतीही. तोवर गरिबाच्या घरावर गवत किंवा चुडते आणि सधनांच्या घरावर कुंभाराने घडवलेले नळे असत. 1865 साली बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरूजवळ जेप्पू इथे कौलांचा कारखाना काढला. तिथली चपटी, खाचेत बसणारी कौले पुढच्या काही दशकांत समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावर पसरली आणि वेंगुर्ले, मालवण या बंदरांत उतरू लागली. मंगळुरी कौल हलके आणि एकसारखे, त्यामुळे वासे विरळ घालता आले, छपर उंच आणि लांब पाख्यांचे झाले. चौपाखी घराच्या चारही भिंतींवर पाखे उतरत, दुपाखी घराच्या दोन टोकांना मात्र आढ्याखाली मोठा त्रिकोण उघडा राही. हा त्रिकोण चिऱ्याने भरणे खर्चाचे आणि भिंतीला जड. तो फळ्यांनी बंद करण्याची पद्धत याच काळात वाढली. इंग्रजी अमलातल्या डाकबंगल्यांनी, कचेऱ्यांनी आणि शाळांनी तिला वळण दिले: उभ्या फळ्या, सांध्यांवर पट्ट्या, वर वारा खेळण्यासाठी तिरप्या पट्ट्यांची झडप, आणि पागोळीच्या कडेला कोरीव लाकडी झालर. झालर शोभेची वाटते, पण तिचे काम पाण्याचे आहे. कौलाखाली परत फिरणारे पाणी ती टोकांवरून खाली गाळते आणि वाशांची टोके कोरडी ठेवते. तिच्या बदलीचा खर्च वाशाच्या बदलीपेक्षा कितीतरी कमी.

बाजारपेठांत लाकडाने दुसरे रूप घेतले. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीच्या जुन्या दुकानांना दार नसते, फळ्या असतात. उंबऱ्यात आणि वरच्या तुळईत खाच, तिच्यात उभ्या फळ्या एकामागून एक सरकवायच्या आणि शेवटच्या फळीवर लोखंडी पट्टी घालून कुलूप. प्रत्येक फळीवर पटाशीने तिचा क्रमांक कोरलेला, कारण पहिलीची जागा तिसरी घेत नाही. रस्त्यावरचा चिखल उडून या फळ्यांची खालची टोके आधी कुजतात. त्यासाठी टोक तिरपे कापून तेवढाच नवा तुकडा जोडतात, आणि जोड असा ठेवतात की सांध्यावरचे पाणी बाहेरच्या अंगाला ओघळावे. कित्येक दुकानांच्या फळ्यांचे वरचे दोन तृतीयांश लाकूड मूळचे आणि खालचे तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आहे.

याच सुमारास साग दूरदेशाहून येऊ लागला. ब्रह्मदेशातला साग मुंबईत उतरे आणि गिरगाव-परळच्या चाळींचे खांब, जिने आणि गॅलऱ्या त्याच्या बनत. त्या चाळींत राहणारे हजारो चाकरमानी रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण तालुक्यांतले आणि सावंतवाडी संस्थानातले होते, आणि त्यांच्या मनीऑर्डरींनी गावाकडची घरे उभी राहिली. ब्रह्मी सागाचा कोकणाशी आणखी एक संबंध आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीने सागाच्या ओंडक्यांचा हिशोब कमी दाखवला म्हणून ब्रह्मदेशाच्या राजदरबाराने 1885 साली तिला मोठा दंड केला. हा तंटा इंग्रजांना युद्धाचे निमित्त म्हणून पुरला. त्या युद्धात पदच्युत झालेल्या थिबा राजाला 1886 साली रत्नागिरीत आणून ठेवण्यात आले आणि 1916 साली तिथेच त्याचा मृत्यू झाला.

घराची वार्षिक निगा आगोटीत, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या तयारीत, बसवलेली होती. मिरच्या-कोकमांची साठवण, सरपणाची रचाई आणि घराची डागडुजी ही सगळी कामे मृगापूर्वी, म्हणजे 7 जूनच्या आत उरकायची. कौले चाळणे हे पहिले काम. फुटकी काढायची, शेवाळ खरवडायचे, खालच्या रिपा तपासायच्या. मग लाकडाची पाहणी. मेस्त्री सुरीचे टोक खांबाच्या बुंध्यात, चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात आणि फळीच्या तळाशी टोचून बघे. चांगले लाकूड टोकाला अडवते, कुजलेले आत घेते. हातोडीचा हलका ठोका भरीव आवाज देतो की पोकळ, तेही ऐकायचे. जोत्यावर मातीची पेन्सिलभर जाडीची नळी चढताना दिसली की ती वाळवीची वाट. ती मोडून तिचा जमिनीतला उगम शोधायचा. लाकडाखाली पिठासारखा भुगा पडला असेल तर तो भुंग्याचा, त्याला उपाय वेगळा.

खांब कुजतो तो बहुधा पायाशी. म्हणून तो जमिनीत न पुरता तळखड्यावर, म्हणजे कोरलेल्या दगडी बैठकीवर उभा करत. तरीही उडणाऱ्या पाण्याने बुंधा गेलाच, तर तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू देऊन भार उचलायचा, बुंधा हातभर कापायचा आणि तिथे घडवलेला चिरा बसवायचा. असे दगडी पाय दिलेले खांब जुन्या पडव्यांत खूप दिसतात, आणि अनेकदा ते मूळ बांधणीचाच भाग समजले जातात. कुंपणाचे आणि मांगराचे खांब जमिनीत पुरावेच लागत. त्यांचे पुरायचे टोक आधी आगीवर भाजून काळे करत. कोळशाचा थर कीड आणि बुरशी दोघांनाही काही काळ दूर ठेवतो. जपानच्या किनाऱ्यावर घराच्या बाहेरच्या सुगी झाडाच्या फळ्या याच हेतूने जाळून काळ्या करतात.

तेल हे निगेचे दुसरे अंग. या बाबतीत सिंधुदुर्ग भाग्यवान होता. किनाऱ्यावर उंडीची झाडे होती, त्यांच्या बियांचे तेल दिव्याला, होडीला आणि लाकडाला चाले. करंजाचे कडू तेल होते. बिब्ब्याचे तेल होते. आणि 16व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आलेला काजू इथे इतका रुजला की त्याच्या टरफलांचे तेल लाकूड राखण्याचे मुख्य साधन बनले. हे काळसर दाट तेल कातडीला लागले तर भाजल्यासारखे फोड येतात. जो दाहक गुण माणसाला सोसत नाही तोच वाळवीलाही सोसत नाही. होड्यांचे तळ, वाशांची भिंतीत शिरणारी टोके आणि फळ्यांच्या मागच्या बाजू यांना ते चोपडत. तेल उन्हाळ्यातच लावायचे, लाकूड पूर्ण सुके असताना, कारण ओल्या लाकडावर दिलेले तेल ओल आतच कोंडते. वेंगुर्ल्याला 1957 साली फळ संशोधन केंद्र निघाले आणि काजूच्या सुधारित जाती आल्या, पुढे कारखानेही वाढले. टरफलाचे तेल मात्र घराच्या निगेतून सुटून रंग-रसायनांच्या उद्योगाकडे गेले.

तिसरे अंग कोणी मुद्दाम योजलेले नव्हते, ते धुराचे. चुलीचा धूर माजघरातून वर चढे, कौलांच्या फटींतून बाहेर पडे आणि वाटेत वासे, रिपा, पोटमाळ्याच्या फळ्या यांवर काळा चिकट थर बसवी. त्या थरात किडीला मारक द्रव्ये असतात, आणि चुलीची ऊब ऐन पावसाळ्यात लाकडाचा ओलावा खाली ठेवते. स्वयंपाकघराच्या वरचे वासे शंभर वर्षे टिकलेले आणि देवघरावरचे पोखरलेले, अशी घरे म्हणूनच आढळतात. गॅस आला आणि घरातल्या बाईची धुरातून सुटका झाली, ही मोठी गोष्ट झाली. छपराचे मात्र ते कवच गेले आणि त्याच्या जागी काही दिले गेले नाही.

बदलाची सुरुवात याआधीच झाली होती. रस्त्यांच्या डांबराची रिकामी पिंपे फोडून, सरळ करून पावसाकडच्या भिंतींवर ठोकली जाऊ लागली, मग जस्ताचे पत्रे आले. 1964च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याने साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ अशा झाडांच्या तोडीला, ती स्वतःच्या परड्यातली असली तरी, परवानगी लागू लागली. 1975च्या खासगी वने संपादन कायद्याने कोकणातल्या मोठ्या क्षेत्राच्या मालकीचा प्रश्न उभा केला. जंगल राखण्यासाठी हे कायदे आवश्यक होते. पण खांबाचा एक तुकडा बदलायला लागणारे लाकूडही कागदपत्रांत अडकले, आणि सामान्य माणसाने लाकडाऐवजी सिमेंट आणि लोखंड निवडले. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, ओरोसच्या माळावर सिंधुदुर्गनगरी हे मुख्यालय वसले. तिथल्या कार्यालयांत आणि वसाहतींत काँक्रीट आणि चिरा आहे, बाहेरच्या बाजूला लाकूड जवळपास नाही. नव्या घरांनी तोच नमुना उचलला.

जुन्या घरांवर या साहित्याचा परिणाम सरळ झाला नाही. मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा दिला की भिंतीतली ओल बाहेर पडायची थांबते, आणि ती भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकाकडे वळते. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या भिंतीत लाकूड आतल्या आत कुजते. फळ्यांवरचा जाड तेलरंगही असाच वागतो. पावसाकडच्या बाजूचा रंग फुगून सोलपटतो, तो रंग वाईट म्हणून नव्हे, तर मागून येणाऱ्या ओलाव्याला वाट नाही म्हणून. पडवीला घट्ट बांधलेली निळी ताडपत्री झापापेक्षा पाणी नक्कीच जास्त अडवते, पण मागे वारा फिरू देत नाही, आणि भाद्रपदात ती सोडली की खालच्या रेज्यांवर (पडवीच्या लाकडी पट्ट्यांवर) पांढरी बुरशी दिसते. झापासारखी ताडपत्रीही वीतभर दूर, सैल आणि खालून मोकळी बांधली, तर हे टळते.

बंद घर हा सर्वांत मोठा घाव. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात. निगेचे दिवस मात्र वैशाखाचे. मे महिन्यात आठ-दहा दिवस आलेल्या कुटुंबाला मेस्त्री मिळतोच असे नाही, कारण वाकस आणि रंधा चालवणाऱ्यांची मुले फर्निचरच्या, फॅब्रिकेशनच्या कामाला लागली आहेत. एक फुटके कौल दोन पावसाळे तसेच राहिले की रीप जाते, मग वासा, आणि वासा खचला की भिंतीचा माथा उघडा पडतो. वेंगुर्ल्यात 17व्या शतकात उभारलेल्या डच वखारीचे पडके अवशेष हा क्रम शेवटपर्यंत दाखवतात: छपराचे लाकूड संपले, आणि जाड चिरेबंदी भिंतींत झाडांची मुळे शिरली. मे 2021च्या तौक्ते वादळात जिल्ह्याच्या किनारपट्टीवर असंख्य छपरे उडाली. अशा वेळी पहिला बळी जातो तो आधीच किडलेल्या वाशांचा आणि गंजलेल्या खिळ्यांवर लटकलेल्या फळ्यांचा.

1997 साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ल्याच्या बाजूला लाकडी व बांबूच्या बाह्यभागाची निवासस्थाने उभी राहिली. त्यांतल्या बऱ्याच बांधकामांनी लाकडाचे रूप घेतले, त्याची शिस्त घेतली नाही. आखूड पागोळ्या, जमिनीला टेकलेल्या फळ्या, उघडी कापलेली टोके, असे दोष तीन-चार पावसांत उघडे पडतात. याच्या उलट एक चांगला प्रयत्न कुडाळात झाला. सिंधुदुर्गात माणगा नावाचा भरीव, सरळ वाढणारा बांबू परड्या-बांधांवर पूर्वीपासून लावला जातो. कुडाळच्या कोनबॅक या संस्थेने तो प्रक्रिया करून घरबांधणीत वापरण्याचे काम हाती घेतले. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाचे द्रावण बांबूत मुरवले की त्यातला पिठूळ भाग किडीला निरुपयोगी होतो. पाण्यात बुडवून ठेवण्याच्या जुन्या पद्धतीने जे आठवड्यांत अर्धवट साधे, ते यात थोड्या वेळात आणि खात्रीने साधते.

या प्रक्रियेची एक मर्यादा आहे. बोरॅक्स पाण्यात विरघळते. थेट झडीखाली राहिलेल्या बांबूतून ते काही पावसांत धुऊन जाते आणि बांबू पुन्हा उघडा पडतो. त्यामुळे प्रक्रिया केलेला बांबूही पावसाकडच्या बाजूला लावायचा तर वर किमान दोन-अडीच हात पागोळी हवी, खालचे टोक जोत्यावरून वीतभर उंच हवे, गाठीवर कापून बंद केलेले हवे, आणि दर दोन वर्षांनी, वैशाखात, सुक्या बांबूवर तेलाचा हात फिरायला हवा. सर्वांत खालची ओळ सुटी ठेवली तर कुजल्यावर तेवढीच बदलता येते.